लांब चिमट्याचा ऑक्टोबर

ऑक्टोबर लागला की माझे हात शिवशिवायला लागतात. मग मी घरभर स्क्रू आवळत फिरते. कपाटांच्या मुठी, कढईचा दांडा, कुकरचं हँडल, पडद्याची दांडी, जे सापडेल ते. परवा मुलीकडे गेले होते. चहाचं आधण ठेवता ठेवता तिच्या ओट्याखालचं दार जरा कललेलं दिसलं आणि माझा हात आपसूक पर्समध्ये गेला. "आई, इट्स फाइन. जस्ट लीव्ह इट," ती लॅपटॉपवरची नजर न काढता म्हणाली. आईच्या पर्समधून कंगव्याऐवजी स्क्रू ड्रायव्हर निघतो याचं तिला आता काही वाटत नाही. मी दार सरळ केलं, दोनदा उघडझाप करून पाहिलं, आणि तिच्या घरात आणखी काय काय सैल असेल याचा विचार करत चहा प्यायले.

सांता क्लारातला ऑक्टोबर मुळातच स्वस्थ बसू देत नाही. पुण्यातही ऑक्टोबर तापतो, पण तिथे नुकत्याच सरलेल्या पावसाची ओल मातीत उरलेली असते. इथे वसंत संपल्यापासून आभाळाने थेंब टाकलेला नसतो. टेकड्यांवरचं गवत आधी पिवळं आणि मग तपकिरी होतं, दुपारी पार्किंग लॉटमधून डांबराचा वास वर येतो, आणि लांब डोंगरात कुठेतरी काही पेटल्याचा वास वाऱ्याबरोबर येऊन जातो. ऊन कललं की एकदम गार. स्वेटर घालायचा, काढायचा, खिडकी उघडायची, लावायची. मनाचंही तेच होतं. आत बसवत नाही आणि बाहेर जाऊन करायचं काय ते सुचत नाही.

पण माझे हात शिवशिवतात ते हवेमुळे नाही, एका ऑक्टोबरमुळे. ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं आणि मी नुकतीच लग्न करून इथे आले होते. सुधीर, माझा नवरा, चिप बनवणाऱ्या एका कंपनीत होता. मी त्याची बायको म्हणून आले होते, तसा शिक्काच माझ्या पासपोर्टवर होता, आणि त्या शिक्क्यावर नोकरी करायला मनाई होती. त्याआधी मी भोसरीला, स्कूटरचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. जोडणीच्या खात्यात मी एकटीच बाई. सुरुवातीला लोक मला बघायला यायचे, नंतर अडलं की बोलवायला यायचे.

इथे आल्यावर पहिले काही आठवडे मी घरातल्या सगळ्या वस्तू उघडून पाहिल्या. व्हॅक्यूम क्लीनर झाला, रेडिओ झाला, मग शेजारच्या बाईचं शिलाई मशीन, मग महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनी भारतातून आणलेले मिक्सर. मग सगळं दुरुस्त झालं आणि काही मोडेना. अमेरिकेतल्या वस्तूंचा मला त्या काळात फार राग यायचा. सुधीर म्हणायचा, ग्रीन कार्डाचे कागद गेलेत, थांब जरा. तो वाईट माणूस नव्हता आणि नाही, 'थांब' हे तो प्रेमानेच म्हणायचा. पण थांब म्हणावं ते चालणाऱ्याला. मी बसलेलीच होते.

आणि एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. भोसरीच्या साहेबांनी माझी जागा अजून भरली नव्हती. दिवाळीपर्यंत वाट बघतो, असं त्यांनी कळवलं होतं. जायचं की राहायचं हे मला दिवाळीच्या आत ठरवायचं होतं. गेले तर नवरा इथे आणि मी तिथे, आणि लोक बोलायचे ते बोलणारच. राहिले तर हात असेच मांडीवर राहणार. रोज सकाळी माझं जायचं ठरायचं आणि संध्याकाळी सुधीर घरी आला की राहायचं. कढी पातळ करावी की घट्ट हेसुद्धा मला त्या दिवसांत ठरवता येत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पहिल्यांदाच अमेरिकेत आल्या होत्या. पुण्यात त्यांच्या दाराची बेल दिवसभर वाजायची. इथे ती फक्त पोस्टमन वाजवायचा आणि आई दार उघडेपर्यंत तो निघून गेलेला असायचा. "इथे माणसं ठेवतात कुठे गं?" असं त्या खिडकीतून रस्त्याकडे बघत विचारायच्या. त्या कॉम्प्लेक्सच्या आतल्या रस्त्याने फेऱ्या मारायच्या आणि मी घरात. आमचं भांडण नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. दोघी एकमेकींना मदत करायला धावायचो आणि ओट्याशी एकमेकींच्या आड यायचो. त्यांचं परतीचं तिकीट नोव्हेंबरचं होतं आणि त्या दिवस मोजत होत्या हे मला दिसत होतं.

मिलिंद हा माझा दीर. सॅन होझेला शिकून तिथेच नोकरीला लागला होता, आणि पहिली काय ती कमाई एका जुन्या जपानी मोटारसायकलीत घालून बसला होता. निळी-पांढरी, नऊशे सीसीची, बसल्यावर माणूस टाकीवर पालथाच पडतो अशी. रविवारी तो ती पाव मैलाच्या एका सरळ पट्टीवर पळवायला न्यायचा. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सुटायचं, पुढे पोचेल तो जिंकला. दहा-बारा सेकंदांचा कारभार. त्यासाठी हा आठवडाभर गाडी पुसायचा. आईंनी त्यावर बोलणं सोडून दिलं होतं, मात्र रविवारी देवापुढे एक निरांजन जास्तीचं लागायचं.

मिलिंदची अडचण अशी होती, की जोरात सुटलं की गाडीचं पुढचं चाक हवेत उचलायचं. मग वेग कमी करून ते खाली आणेपर्यंत शेजारचा पुढे गेलेला असायचा. यावरचा इलाज त्या पट्टीवरच्या सगळ्यांना ठाऊक होता: मागचं चाक आणखी मागे न्यायचं. मागचं चाक ज्या दोन दांड्यांच्या बेचक्यात धरलेलं असतं त्याला इथे स्विंगआर्म म्हणतात. आपल्याकडच्या गॅरेजात त्याला चिमटा म्हणतात, आणि मला तेच नाव पटतं. त्या चिमट्याच्या टोकांना ॲल्युमिनियमचे दोन तुकडे बोल्टने जोडायचे, म्हणजे चिमटा वीतभर लांब होतो आणि चाक तेवढं मागे सरकतं. कापाकापी नाही, वेल्डिंग नाही. नको वाटलं की काढून टाकायचे. मिलिंदने ते तुकडे मागवले, आमच्या घराखाली गाडी लावून खोक्यातून काढले, आणि त्याबरोबर आलेला सूचनांचा कागद न वाचता पाना हातात घेतला. मग काय वाटलं कोण जाणे, वर येऊन म्हणाला, "वहिनी, तू स्कूटरच्या चिमट्याचंच काम करायचीस ना? जरा बघ ना यार."

मी जरा बघायला गेले ती आठवडाभर खाली कारपोर्टमध्येच, गाड्या लावायच्या छपराखाली होते.

ते दिवस आठवले की आधी वास येतो. साखळीला लावायच्या ग्रीसचा, रबराचा, पलीकडच्या उरल्यासुरल्या जर्दाळूच्या बागेतल्या वाळक्या पानांचा. सकाळी ॲल्युमिनियम हाताला इतकं गार लागायचं की बोटं बधिर व्हायची, आणि दुपारी तेच पत्र्याच्या छपराखाली चटका द्यायचं. मी ओढणी कमरेला बांधून जमिनीवर बसायची. कॉम्प्लेक्समध्ये गाड्या दुरुस्त करायला बंदी होती. मॅनेजर बाई दोनदा दटावायला आली आणि गाडीखाली डोकं घातलेली बाई बघून कानातले डूल हलवत परत गेली. चिमटा लांब झाला की त्याच्याबरोबर सगळंच लांब करावं लागतं. साखळी लांब, मागच्या ब्रेकची नळी लांब. चाक मागे सरकवताना ते पुढच्या चाकाच्या अगदी रेषेत यावं लागतं, तिळाएवढा फरकही चालत नाही. ती रेषा धरायला मी आईंच्या टोपलीतला गजऱ्याचा दोरा घेतला, दोन्ही चाकांच्या बाजूने ताणून बांधला, आणि जमिनीला गाल लावून एक डोळा मिटून पाहिलं. दोरा चाकाला चारही ठिकाणी सारखा टेकला तेव्हा सांता क्लारात आल्यापासून पहिल्यांदा मला भोसरीत असल्यासारखं वाटलं. मला त्या जमिनीवरून उठावंसंच वाटेना.

लांब केलेली गाडी पुढचं चाक उचलत नाही, पण ती वळतही नाही. अरुंद जिन्यातून लांब शिडी नेताना होतं तसं तिचं होतं. हे मी मिलिंदला समजावून सांगितलं आणि सांगता सांगता थांबले. मला तेव्हा सारखं वाटायचं, आपलंही असंच झालंय. इतक्या लांब आलो की नाकासमोर जाणं तेवढं जमतं, आणि ज्याला मागे वळायचंय त्याला रस्ता पुरत नाही. मिलिंदला यातलं काही वाटत नव्हतं. त्याला पाव मैलापलीकडे कुठे जायचंच नव्हतं, आणि त्या वयात मला त्याचा हेवा वाटला.

आता बोल्टांचं. एका बाजूला दोन, असे चार बोल्ट त्या दोन तुकड्यांना धरून होते. चाकाचा, गाडीचा आणि मिलिंदचा सगळा भार त्या चार बोल्टांवर. भोसरीला आमची एक शिस्त होती. बोल्ट मापाने आवळला की त्याच्या नटावरून खालच्या धातूपर्यंत रंगाची एक रेघ ओढायची. रेघ आहे म्हणजे आवळलेला आहे, रेघ नाही म्हणजे नाही. पुढे कधी नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. तिथे पिवळा रंग असायचा. इथे मी माझ्या लग्नातली नेलपॉलिशची बाटली खाली आणली, लालभडक, तोवर न उघडलेली. मिलिंदला नियम सांगितला: लाल दिसलं की झालं, पुन्हा पाना लावायचा नाही. त्याला तो फार आवडला.

शनिवारी खंडेनवमी होती आणि रविवारी दसरा. रविवारीच त्या पट्टीवर हंगामातली शेवटची शर्यत होती. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुसून पूजेला मांडतात आणि मग दसरा होईपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. आई शनिवारी सकाळपासून पूजेचं ताट घेऊन माझं काम संपायची वाट बघत होत्या. घरात शस्त्र म्हणावी अशी विळीसुद्धा नव्हती, तेव्हा त्यांची सगळी भिस्त माझ्या पान्यांवर होती. मिलिंद मित्राचा पिकअप ट्रक आणायला गेला होता. मी तीन बोल्ट आवळले, तिघांवर लाल रेघ ओढली, चौथा हाताने बसवला, आणि सुधीरने गॅलरीतून हाक मारली, पुण्याहून फोन आहे.

भोसरीचे साहेब होते. त्या काळी पुण्याचा फोन म्हणजे विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखं. साहेब विचारत होते, येताय का, आणि मी ओरडून सांगत होते, दिवाळीपर्यंत कळवते साहेब, जागा तेवढी ठेवा. अर्ध्या कॉम्प्लेक्सला ऐकू गेलं असेल. त्यातली मराठी कळणारी दोनच माणसं होती. एक सुधीर, तो तोवर अंघोळीला गेला होता. दुसऱ्या आई, त्या गॅलरीखालीच उभ्या होत्या. फोन ठेवला आणि मी पलंगावर बसून राहिले. कारखान्यातला भोंगा कानात वाजत होता आणि बाथरूममधून सुधीरचं गुणगुणणं येत होतं. कोणत्या बाजूला कान द्यावा ते कळत नव्हतं.

मी खाली आले तेव्हा मिलिंद ट्रक घेऊन आला होता. गाडीच्या हँडलला झेंडूची माळ, पुढच्या चाकाखाली लिंबू, पाने आईंनी केव्हाच वर नेऊन पाटावर मांडलेले. त्यांच्या शेजारी सुधीरचा कॅल्क्युलेटरही होता. आणि चारही बोल्टांवर लाल. मला वाटलं, चौथा मिलिंदने आवळला. मिलिंदला वाटलं, सगळे मीच आवळले. विचारायचं दोघांनाही काही कारण नव्हतं, लाल दिसत होतं. आम्ही गाडी ट्रकवर चढवली.

रविवारी आईही आमच्याबरोबर निघाल्या. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं असतं, गावाची वेस ओलांडायची असते, आणि सांता क्लाराची वेस कुठे आहे ते इतक्या महिन्यांत त्यांना कोणी दाखवलं नव्हतं. सुधीरला ऑफिसात जाणं भाग होतं. ट्रकच्या एकाच सीटवर मिलिंद, मध्ये आई, कडेला मी. आईंच्या मांडीवर पुरी-श्रीखंडाचा डबा, पिशवीत कॉम्प्लेक्समधल्या एका झाडाची बदामाच्या आकाराची पानं. आपट्याची ही लांबची मावसबहीण त्यांनी फेऱ्या मारता मारता शोधून काढली होती. बोल्ट आवळायचे पाने घरी पाटावरच होते. निघताना मिलिंदने बरोबर घेऊ का म्हणून विचारलं, तर आई म्हणाल्या, संध्याकाळी सोनं लुटल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि मीही म्हणाले, लागणार कशाला आहेत.

ती जागा म्हणजे वाळक्या गवतात ओढलेली एक काळी पट्टी आणि कडेला लाकडी बाक. सुटण्याआधी गाड्या जागच्या जागी मागचं चाक फिरवून टायर तापवायच्या, त्याचा पांढरा धूर आणि जळक्या रबराचा वास. आवाज इतका की छातीच्या पिंजऱ्यात वाजायचा. आई कानावर पदर घेऊन बाकावर बसल्या. मिलिंद हेल्मेट घालून रांगेत लागला. त्याच्यापुढे दोन जोड्या होत्या. मी त्याच्या मागच्या अंगाला उभी होते, हातांना काही काम नाही म्हणून स्वतःचंच काम बघत. ऊन बरोबर डावीकडून येत होतं. त्या उन्हात नेलपॉलिश चमकतं. डावीकडच्या पुढच्या बोल्टावरची रेघ चमकत होती. मागच्या बोल्टावरचं लाल चमकत नव्हतं.

मी पुढे होऊन मिलिंदच्या खांद्यावर थाप मारली. त्याने काच वर केली.

"डावीकडचा मागचा तू आवळलास ना?"

"मी? तूच नाही का? लाल आहे ना तो."

मी वाकून बोट फिरवलं. लाल माझ्या बोटावर आलं. कुंकू होतं. मग मी नट दोन बोटांत धरला आणि तो बरणीच्या झाकणासारखा फिरला.

मिलिंदने इंजिन बंद केलं. पाव मैलाच्या मध्यावर तो तुकडा कलला असता, चाक तिरकं झालं असतं, साखळी सुटून त्यात अडकली असती. पुढचं मी मनात उच्चारलं नाही. पाने घरी पाटावर, झेंडूच्या फुलांत. मिलिंद शेजारच्या माणसाकडे पाना मागायला गेला. पांढरी शेंडी बांधलेला तो दांडगा गृहस्थ स्वतःची गाडी सोडून आला. हातात टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरापाशी टक् वाजणारा पाना. त्याने विचारलं, हे बसवलं कोणी? मिलिंदने माझ्याकडे बोट दाखवलं. आता हा हसेल असं मला वाटलं. त्याने पाना उलटा करून मूठ माझ्याकडे केली आणि सांगितलं की दुसऱ्याने बसवलेल्या बोल्टाला तो हात लावत नाही, ज्याचं काम त्यानेच आवळावं. भोसरीलाही आमच्यात असंच होतं.

मी चौथा बोल्ट आवळला. टक् वाजलं. मग रेघेचा नियम बाजूला ठेवून बाकीचे तिन्ही पुन्हा तपासले, साखळीचा झोल पाहिला, चाक हाताने फिरवून पाहिलं. मिलिंद बाजूला उभा होता. परत जाऊया म्हणाला असता तर मी त्याला नावं ठेवली नसती. तो म्हणाला, "वहिनी, तू सांग. जाऊ?"

सबंध उन्हाळाभर सगळे मला थांब म्हणत होते. त्या दुपारी पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासाठी थांबलं होतं.

मी म्हणाले, "जा."

तो गेला. पुढचं चाक जमिनीला चिकटून राहिलं. गाडी दोऱ्याच्या रेषेत गेली आणि लहान होत होत धुरात दिसेनाशी झाली. तो जिंकला की हरला ते मला खरंच आठवत नाही. मिलिंद सांगतो, जिंकला. दुसऱ्या वर्षी त्यानेच ते तुकडे काढून टाकले. नुसतं सरळ जायचा कंटाळा आला, घाटातल्या वळणांवरून जायचंय म्हणाला. आता तो मुलांच्या मुलांना मागे बसवून मिनीव्हॅन चालवतो आणि सिग्नलला पिवळा दिवा दिसला की थांबतो.

मी बाकापाशी आले तेव्हा आईंनी माझं बोट पाहिलं. कुंकू कुठलं, म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी सांगितलं की ताट घेऊन त्या खाली गेल्या तेव्हा तीन बोल्टांना लाल लावलेलं दिसलं. त्यांना वाटलं, सुनेने पूजा सुरू केली आणि फोनसाठी अर्धी टाकून गेली. एकालाच कोरडं का ठेवायचं, म्हणून चौथ्याला त्यांनी लावलं. ग्रीसवर कुंकू छान बसलं. त्यानंतर त्यांनी डबा उघडलाच नाही. मिलिंद येऊन शेजारी बसला तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

परतताना ऊन उतरत होतं आणि टेकड्या तांबूस झाल्या होत्या. अर्धा रस्ता झाल्यावर आई समोर बघत म्हणाल्या, "काल फोनवर ओरडत होतीस ती नोकरी. दिवाळीपर्यंतच आहे ना?"

मी हो म्हणाले. मिलिंदने एकदम माझ्याकडे पाहिलं आणि परत रस्त्याकडे.

"मग चल माझ्याबरोबर. तुझं काम मला कळत नाही. पण आज तू जा म्हणालीस आणि माझा मुलगा गेला, हे मी बघितलंय. तुला इथे बसवून ठेवायची आणि वर आमच्या पोळ्या लाटायला लावायच्या, हे मला पटत नाही."

"आणि सुधीर?"

"त्याला मी सांगते. थांब म्हणायला त्याला चांगलं येतं. आता थोडं थांबून बघू दे."

इतके महिने एका ओट्याशी उभ्या राहून आम्ही एकमेकींना मीठ पुढे केलं होतं, तेल पुढे केलं होतं, आणि हे एवढं बोलायला पाव मैलाची पट्टी लागली. मला रडू आलं ते मी लपवलं नाही. संध्याकाळी आईंनी ती पानं वाटली, मला दिलं ते सगळ्यांत मोठं होतं, आणि मग पाटावरचे पाने उचलून माझ्या हातात दिले.

सुधीर दोन दिवस ऑफिसातून मुद्दाम उशिरा आला. तिसऱ्या दिवशी त्याने माझ्या तिकिटासाठी फोन केला. निघायच्या आदल्या दिवशी माझ्या बॅगेत टॉवेलात गुंडाळलेला टॉर्क रेंच सापडला, कोरा, त्यानेच घेतलेला. विमानतळावर तो काचेपलीकडे हात वर करून उभा राहिला. आम्ही आत जाईपर्यंत तो तसाच होता.

असं नाही की मग सगळं निवलं. भोसरीला असताना मला सांता क्लाराच्या टेकड्या आठवायच्या आणि सुधीरचं गुणगुणणं. पुढे कागद आले, मी परत इथे आले, इथे नोकरी केली, मुलगी वाढवली, निवृत्त झाले. इथे असताना तो कारखान्याचा भोंगा आठवतो. जीव दोन्हीकडे ताणलेलाच राहिला, आणि ऑक्टोबरात तो ताण हातात उतरतो. मुलीला हे समजावून सांगायचा मी प्रयत्न केला होता. तिने ऐकून घेतलं आणि कपाटाच्या मुठीकडे बघून म्हणाली, "ओके, दॅट वन इज अ लिटल लूज."

भोसरीला परत गेल्यावरची पहिली खंडेनवमी आम्ही कारखान्यात केली. त्या दिवशी यंत्रं बंद ठेवून धुऊन पुसून त्यांना झेंडूच्या माळा घालतात आणि कामगारांच्या घरची माणसं पूजेला येतात. आईही आल्या होत्या, नवं लुगडं नेसून. वयाने सगळ्यांत मोठ्या म्हणून साहेबांनी पूजेचं ताट त्यांच्या हाती दिलं. खातं भरून माणसं उभी होती. माझ्या टेबलावर स्कूटरचा नुकता जोडलेला चिमटा ठेवला होता, बोल्टांवर पिवळ्या रेघा ओढून. आईंनी कुंकवात बोट बुडवलं, बोल्टापाशी नेलं, आणि तसंच धरलं. मग माझ्याकडे वळून सगळ्यांसमोर विचारलं, "आधी सांग. आवळलाय ना?"

लोक हसले. मी म्हणाले, आवळलाय. तरी त्यांनी दुसऱ्या हाताची दोन बोटं नटाला लावून तो फिरतोय का ते पाहिलं, आणि मगच कुंकू लावलं.